उंच्या आता ऱ्हस्व-दीर्घ पाळतो

४ जानेवारी
उंच्याचा निरोप आला! पाच महिन्यांनी. कारखान्यात माझ्या शेजारी बसून सोफ्यांना कापड ठोकणारा उंच्या परक्या देशाच्या लढाईत गेला, आणि तिथून विचारतो — थंडी सुरू झाली का रे तिकडे?
उत्तर लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

७ जानेवारी
दुपारी सगळे डबे घेऊन उठले. "आम्ही जेवून येतो." रोजचंच. उंच्या म्हणायचा, "चल, आपण जेवू." आम्ही आणि आपण. मी आठवीत शाळा सोडली, पण हा फरक मला कुणी शिकवायला नको.

१५ जानेवारी
लढाई कशासाठी ते विचारलं. म्हणतो, आपल्या माणसांवर अन्याय होतोय. ती माणसं आपली कशी, हे काही कळलं नाही. नकाशात तो देशही पटकन सापडला नाही. पण पुढे लिहिलंय, तुझी जागा धरून ठेवलीय.
इथे ताईच्या घरी मी स्वयंपाकघरात झोपतो. पाहुणे आले की गॅलरीत.

२ फेब्रुवारी
जेवताना सहज म्हणालो, मी लढाईवर गेलो तर? दाजींना ठसकाच लागला. "झुरळ दिसलं की हा खुर्चीवर चढतो!" ताई म्हणाली, जा की, पण आधी सिलिंडर बदलून जा.
बदलला. गळती तीनदा तपासली.

९ फेब्रुवारी
एक गोष्ट खटकतेय. 'आणि' हा शब्द उंच्या 'आनी' लिहायचा. दोन अक्षरांत दोन चुका! मी किती चिडवायचो त्याला. आताच्या निरोपांत एकही चूक नाही. तिथे शिस्त लागली असेल —
नाही. बंदुकीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारत नाहीत.

१० फेब्रुवारी
सरळ विचारलं. तुम्ही कोण?
उत्तर नाही. कामात बोटात पिन घुसली. रक्त आलं. दाखवणार कुणाला?

११ फेब्रुवारी
उत्तर आलं.
"तुझा मित्र पहिल्याच आठवड्यात मारला गेला. त्याचा फोन माझ्याकडे आहे. माणसं कमी पडतात, म्हणून लिहितो. राग मानू नकोस."
माणसं कमी पडतात. मला नाही, कुणालाही बोलवत होता.
त्याच्या आईला कुणी सांगितलं असेल का? मला तिचा पत्ताही माहीत नाही. नंबर काढून टाकला.

१२ फेब्रुवारी
वाचलो. असं स्वतःलाच म्हणालो.

२० फेब्रुवारी
आज दिवसभरात मालक एवढंच बोलला — "तो फोम सरकव."
घरी आलो तेव्हा सगळे लग्नाला गेले होते. मला सांगायचं राहिलं असणार.

२२ फेब्रुवारी
नंबर पाठ होता. मीच लिहिलं — तुमचं खरं नाव सांगू नका. उंच्या म्हणूनच लिहीत जा. मी येतोय.