घराकडे तोंड केलेले नखेत्र

मालवण, शनिवार, दि. ६ डिसेंबर २०२५.

सकाळी सहाला उठलो. चहा केला. आठ वाजता यादीसाठी घरातील वस्तू बाहेर काढायला घेतल्या. अकरा वाजता काम थांबले. दुपारी जेवलो नाही. चार वाजता साक्षीदार येतील, त्याआधी हे पुरे करायचे आहे.

मी, प्लासिद सायमन आल्मेडा, वय ७४, निवृत्त भूकरमापक, राहणार मालवण, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे असा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. येत्या १२ तारखेस माझ्या हृदयाचे ऑपरेशन ठरले आहे, एवढेच कारण. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी पत्नी क्लेमेंटिना यंदा १४ फेब्रुवारीस वारली. मुलगा अ‍ॅलन २०१४ च्या ऑगस्टमध्ये काविळीने गेला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आता वारस एकच, मुलगी डेल्सी. ती लग्न होऊन म्हापशाला असते. मार्चपासून तिचा फोन नाही. त्याचे कारण कलम ५ मध्ये येईल.

२. राहते घर, परसातील विहीर आणि अकरा माड डेल्सीला द्यावेत. माझा पुतण्या डेन्झिल याला घरात कोणताही भाग नाही. त्याला इथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी तो ओटीवर बसून म्हणाला, "अंकल, चार खोल्ये, चार एसी. पयले ह्यो चिंध्यो जाळून टाकूया." क्लेमेंटिना आत त्याच चिंध्यांचे काही शिवत होती. तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या बापाशीच्या कोटाचा अस्तर हयच आसा, बाबा. पयला ता जाळ." त्याने कॉफी अर्धी टाकली. माझी मोटारसायकल डेन्झिलला द्यावी. त्या अस्तराची तिने नंतर उशी केली, तीही त्यालाच द्यावी.

३. बँकेतील ठेव डेल्सीची. त्यातून क्लेमेंटिना आणि अ‍ॅलन यांच्या नावाने दरवर्षी चर्चमध्ये एकेक मिसा, म्हणजे प्रार्थना, सांगावी. माझ्या नावाने सांगायची की नाही, ते तिने पाहावे.

४. शिलाई मशीन, दोन कात्र्या आणि कापडांच्या तीन पत्र्याच्या पेट्या. त्यांची यादी करता येत नाही, म्हणून वर्णन लिहितो.

क्लेमेंटिनाने सजावटीसाठी नवे कापड कधी घेतले नाही. रहमतुल्ला टेलरच्या दुकानातील कातरण, शेजारच्या सुभद्राबाईंची विरलेली लुगडी, आठवडी बाजारातील जुन्या कपड्यांच्या ढिगातले स्वेटर, हे तिचे सामान. पावसाळ्यात दाराच्या फटीला लावायला ती चिंध्या भरून लांब लोळ करायची. चतुर्थीला सुभद्राबाईंच्या गणपतीसाठी जरीच्या काठांची तोरणे, ईदला रहमतुल्लाच्या घरी पडद्यांना झालर. नाताळात बाळ येशूच्या देखाव्यातल्या गोठ्यातली मेंढरे पांढऱ्या मोज्यांची. डिसेंबरात आमचे घर स्वेटरच्या उशांनी आणि गोधडीच्या आसनांनी भरलेले असे. बसायला येणारा लवकर उठत नसे. मला तेव्हा त्याचा त्रास व्हायचा.

तिचा एक नियम होता. घरात आलेले कापड आधी धुवायचे, सावलीत वाळवायचे, मगच कात्री लावायची. डेल्सीला तो माहीत आहे. पेट्या, मशीन, कात्र्या, सर्व डेल्सीला.

५. नखेत्र. नाताळच्या ताऱ्याला आम्ही नखेत्र म्हणतो. आमच्याकडचे नखेत्र चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काड्यांचे, दोन्ही अंगांनी कापडाने मढवलेले, आत बल्ब. ते डेल्सीला द्यावे. याबद्दल मला जास्त लिहावे लागेल.

आमच्यात घरचे माणूस गेले की वर्षभर नखेत्र लावत नाहीत, गोडधोड करत नाहीत. अ‍ॅलन गेला त्या वर्षी आम्ही ते पाळले. दुसऱ्या वर्षी, २०१५ साली, क्लेमेंटिनाने नखेत्र करायला घेतले आणि माझ्याकडे अ‍ॅलनचा निळ्यापांढऱ्या चौकड्यांचा शर्ट मागितला. हा शर्ट तो दवाखान्यात जाताना घालून गेला होता. तिथून शर्टच पिशवीतून परत आला, तेव्हापासून माझ्या लोखंडी कपाटात होता. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "सगळो नको. वायचसो तुकडो दिया." तेव्हा मी बोललो, "तू आपल्या पोराक इसारलंस." डेल्सी तिथे उभी होती. क्लेमेंटिना स्वयंपाकघरात गेली आणि तिने भात लावला.

मी कपाटाला कुलूप घातले. चावी कमरेला ठेवू लागलो.

नखेत्र तिने त्या वर्षी शर्टाशिवाय पुरे केले, असे मी समजत होतो. ते ओटीवर टांगले तेव्हा त्याची पाठ रस्त्याकडे होती आणि तोंड घराकडे, अ‍ॅलनच्या खोलीच्या खिडकीकडे. मी म्हणालो, "उलटा टांगलंस." ती म्हणाली, "ऱ्हांव दे." दर वर्षी तसेच टांगायची. सुभद्राबाई रस्त्यावरून ओरडायच्या, "गो क्लेमेंटिना, तुझा नखेत्र आमच्यार रागावलाहा काय? सदी पाठ ती!" ती हसायची. दहा नाताळ मी मान वर न करता त्या नखेत्राखालून चर्चला गेलो. माझ्या मनात होते की ही सण करते आणि मी एकटा शोक करतो. त्या भावनेने मी तिच्याशी दहा वर्षे कमी बोललो.

यंदा मार्चमध्ये क्लेमेंटिनाच्या महिन्याच्या मिसेनंतर डेल्सीने ते नखेत्र मागितले. मी म्हणालो, या घरातले काही हलणार नाही. ती म्हणाली, "पप्पा, तुमका सगळा कपाटात घालून ठेवूक होया. मम्मीकय तसाच ठेवलास." मग बॅग उचलून निघताना, दारातून, "एकदा तरी ता उलटा करून बघा." मला तो टोमणा वाटला.

६. अ‍ॅलनचा शर्ट. इथे आज सकाळचे लिहिले पाहिजे.

लिहिण्याआधी मोजायचे, ही माझी नोकरीतली सवय. शर्ट काढला आणि टेप लावली. मागची बाजू पुढच्यापेक्षा साडेतीन इंच आखूड आहे. खालची कड आत दुमडून हाताने शिवलेली आहे. टाके लहान, एकसारखे. ते टाके मी ओळखतो, माझ्या प्रत्येक पँटला आहेत.

मग पेटीतून नखेत्र काढले आणि उलटे केले. म्हणजे तिने जी बाजू घराकडे ठेवली होती, ती प्रथमच उजेडात नीट पाहिली. पाच टोकांपैकी वरच्या टोकाला निळ्यापांढऱ्या चौकड्या आहेत. त्यावर औषधाचा पिवळा डाग आहे. शर्टाच्या मागे, त्या शिवलेल्या कडेशी, डागाचा उरलेला अर्धा भाग आहे. तिने तेवढा तुकडा न धुता लावला होता. दुसरे कोणतेही कापड तिने असे लावले नसते.

चावी माझ्या कमरेला असे. आंघोळीला जाताना ती मी खुंटीला अडकवायचो. तेवढ्या वेळात तिने कपाट उघडले असणार, कापले असणार, आणि पुन्हा कधीतरी कड शिवून ठेवली असणार. केव्हा, ते मला कळणार नाही. आपल्या मुलाच्या शर्टासाठी तिला माझी आंघोळीची वेळ बघावी लागली. मला सांगितले असते तर मी काय केले असते, तेही मला माहीत आहे. म्हणून तिने सांगितले नाही. डेल्सीला सांगितले असावे.

त्या वर्षी शर्टावरून मी तिला जे बोललो होतो ते परत घ्यायला आता समोर कोणी नाही. मृत्युपत्रात ज्याच्या मालकीचे जे आहे तेच देता येते. तो शब्द माझा आहे, तो कोणाला द्यायचा नाही.

शर्ट डेल्सीला द्यावा. ठेवायचा की कापायचा हे तिने ठरवावे. कापायला माझी हरकत नाही. डेल्सी, तू उलटे करून बघा म्हणालीस ते मी आज केले.

७. माझ्यासाठी वर्षभर नखेत्र बंद ठेवू नये. पहिल्याच नाताळात लावावे, तोंड घराकडे करून. कोणी विचारले तर माझी लेखी इच्छा आहे असे सांगावे. क्लेमेंटिनाचे वर्ष मात्र फेब्रुवारीत भरते. यंदा नखेत्र लावायचे की नाही हे मी एकट्याने ठरवणार नाही.

८. हे मृत्युपत्र माझ्या मरणापर्यंत बंद ठेवायचे नाही. याची झेरॉक्स मी सोमवारी डेल्सीला म्हापशाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवणार आहे. १२ तारखेच्या आधी मिळावी.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत.

प्लासिद सायमन आल्मेडा (सही)

आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत प्लासिद आल्मेडा यांनी वरील सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही आमच्या सह्या केल्या.

१. रहमतुल्ला हसन मुजावर, टेलर (सही)
२. सुभद्रा भिकाजी मयेकर, शेजारी (सही)

मालवण, दि. ६ डिसेंबर २०२५, सायंकाळी ४.४० वाजता.

(यापुढील मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही. पान शिल्लक होते म्हणून लिहितो.)

सही झाल्यावर रहमतुल्लाने टेबलावरचा शर्ट हातात घेतला. तो त्यानेच शिवला होता. कड उलटून म्हणाला, "प्लासिदबाब, वरची टीप माझी. खालची माझी नाय." मी म्हणालो, माहीत आहे. सुभद्राबाई नखेत्राकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "इतकी वर्सां मी रस्त्यावरसून चिडवी होतंय. एकदाव आत येऊन बघूक नाय." मग दोघेही चहा न घेता गेले.

अकरा वर्षे शर्ट धुतलेला नव्हता. बादलीत पाणी घेतले, साबण घातला आणि भिजत ठेवला. अर्ध्या तासाने चोळला, दोन पाण्यांतून काढला, पिळला नाही. मागच्या पडवीत दोरीवर सावलीला घातला, खांद्यांना दोन चिमटे लावले आणि खाली गळणाऱ्या पाण्यासाठी बादली ठेवली.