पुढची चाकं

६ जाने. ८७, मंगळ.
सुमनला बसतं केलं, भरवलं. उजवं अंग तसंच, निर्जीव. वसंताने कुवेतहून कोणाबरोबर तरी खोकं पाठवलंय. रेडिओवर चालणारी शर्यतीची मोटार, सगळी सुटी, आपण जोडायची. धाकटा भाऊ म्हणून काळजी. 'दादा, वेळ जाईल तुझा,' असा निरोप.
वेळ! आंघोळ करतानाही दार उघडं ठेवावं लागतं मला.

८ जाने.
पुढच्या चाकांपासून सुरुवात. ओझरच्या कारखान्यात विमानाची चाकं जोडण्यात वर्षं गेली, इथे नखाएवढी क्लिप बसेना. उडाली ती सु.च्या पलंगाखाली. पालथा पडून चाचपडतोय, तर वरून "नको."
अर्धांगाच्या झटक्यानंतर एवढा एकच शब्द उरलाय तिच्याकडे. चहा दिला की नको, मग सगळा पिते. डॉ. म्हणाले, "तुमच्या मिसेसना आत किती समजतं, सांगता येत नाही."

११ जाने., रवि.
देवळ्याहून सु.चा थोरला भाऊ आला, जीप घेऊन. "दाजी, रजा संपली तुमची. उद्यापासून... नाय, आठवडाभर वाढवून घ्या. पुढच्या रविवारी हिला घेऊन जातो. आमच्या घरात माणसं लय हाईत."
तिच्यासमोरच बोलला, भिंतीसमोर बोलावं तसं. मी म्हटलं, बघू. क्षणभर ओझरची बस दिसली, खिडकीची जागा, हातात डबा. किती हलकं वाटलं! मग कसंतरीच.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ भरवला. शेवटी विचारलंच. "देवळ्याला जायचं?" "नको." "मग इथंच राहायचं?" "नको."
काय करायचं माणसाने.
पोरं गच्चीवर ओरडताहेत. खिडकी लावून घेतली.

१६ जाने.
धक्के झेलणाऱ्या नळ्यांत तेल भरलं, वर स्प्रिंगा चढवल्या. बोटाने दाबलं की नळी सावकाश वर येते. छान काम. रजेचा अर्ज मंजूर, पण साहेबांचा निरोप: ही शेवटची.

१७ जाने., शनि.
आज जे झालं ते नीट लिहितो.
दोन्ही बाजू बसवल्या. चाकं लावली तर ती आत झुकलेली, जमिनीवर नीट टेकेनात. मी स्क्रू आवळतोय, सु. "नको, नको, नको." चिडून म्हटलं, "गप्प बस गं!" तर डाव्या हाताने तिने चादर ओढली, खूण केली. आधी या चाकाकडे बोट, मग त्या. पुन्हा तेच. मग हात आडवा फिरवला.
उजवी बाजू मी डावीकडे लावली होती. हिच्या शिवणाच्या क्लासात मुली ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावायच्या, हिला लांबूनच दिसायचं!
सगळं उकललं. ती बघत होती, मी पुन्हा जोडलं. चुकीचा स्क्रू उचलला की नको. बरोबर उचलला की गप्प. जेवायचं राहून गेलं दोघांचंही.
म्हणजे आत ती जागी आहे. म्हणजे रविवारचं सगळं ऐकलंय तिने. माझं 'बघू'सुद्धा.

१८ जाने., रवि.
तिचा भाऊ दुपारी आला. शेजारच्या कमलताईंनी सु.ची पिशवी भरून ठेवलेली. मी म्हटलं, जरा थांबा.
सु.ला खुर्चीत अंगणात आणलं. मोटार चालवायची रेडिओची पेटी तिच्या मांडीवर. वेगाची कांडी डावीकडे, ती तिच्या अंगठ्याखाली. वळवायची उजवीकडे, ती माझ्याकडे. मोटार सुटली. पायरीवरून उतरली, पुढची चाकं दबली, सावरली. सरळ फाटकाकडे! "सोड, सुमन, रस्ता आहे पुढे." तिने आणखी दाबलं. वळवता आली असती मला. नाही वळवली. फाटकाबाहेर पार कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे कुणीतरी उचलली.
सु. हसत होती. चेहऱ्याच्या एकाच बाजूने, पण हसत होती. भाऊ तिच्याकडे बघतच राहिला, मग टोपी काढून पायरीवर बसला.
आता आत आणलंय तिला. मी सांगून टाकलं, "मला कामावर जायचंय. आणि तू जाऊ नयेस असंही वाटतं. दोन्ही खरं आहे."
'नको' म्हणाली नाही. माझं डावं मनगट धरलंय, म्हणून वही हलतेय, अक्षर वाकडं येतंय.
भाऊ बाहेरून विचारतोय, "दाजी, अंधार पडायच्या आत निघावं लागंल. काय ठरलं?"
हात सोडवून घेता येईल. तिचा जोर काही फार नाही. नाही सोडवत.