न तोललेली चाळीस काडतुसं

५ सप्टें., शुक्रवार
कामावरून सरळ शूटिंग क्लबातल्या म्हाताऱ्या रेगकडे. त्यांच्या गॅरेजमध्ये दोन तास काडतुसं भरली. आधी उरलेल्या हलक्या गोळ्या संपवल्या, मग नव्या जड गोळ्यांची चाळीस. जड घे, जड घे, असं रेग उन्हाळाभर सांगत होते. "हलकी गोळी धावते, जड गोळी चालते. चालणारी घरी पोचते." माझा पन्नास मीटरवरचा निशाणाचा कागद बघून कंटाळले असणार. जड गोळीला पावडर कमी लागते, सगळं नव्याने लावावं लागतं, म्हणून मीच टाळत होते.
रेग चहा करायला आत गेले आणि नुसतं दूध घेऊन आले. मग परत गेले. मला मध्येच मार्गारेट म्हणाले. बायको जाऊन चार वर्षं झाली त्यांची. मी दुरुस्त केलं नाही.
नागपूरहून नणंदेचा फोन. "अगं, तू पिस्तूल चालवतेस?" इथल्या कायद्यात पिस्तूल ठेवताच येत नाही. पिस्तुलाचं काडतूस, पण लांब लिव्हरवाल्या रायफलीतून, कागदावर. तिला हे सांगायची ही चौथी वेळ. आमचा मिलिंद, तिचाच भाऊ, मागून म्हणतो, "दिवसभर हॉस्पिटलात गोळ्या मोजते, संध्याकाळीही गोळ्याच."

१४ सप्टें., रवि.
रेंज. पहिल्या शॉटलाच खांद्याला नेहमीपेक्षा जोरात धक्का. जड गोळी आहे, असंच असेल म्हटलं. तिसऱ्याला रायफलीची लिव्हर उघडेचना. जेनेटने (क्लबची सेक्रेटरी, आज रेंजवर तीच होती) सगळ्यांना थांबवलं. लाल झेंडा, सगळे मागे. रेगनी टेबलावर रायफल घेऊन अर्ध्या तासाने अडकलेलं काडतुसाचं कवच काढलं. पितळ फुगलेलं. उजेडात धरून बघत राहिले.
"पावडर फार आहे यात. हलक्या गोळीची पडली आहे." मग माझ्याकडे बघून, "मेझर बदलायचं विसरलो मी. सॉरी, लव्ह."
'लव्ह' ते सगळ्यांनाच म्हणतात. मेझर म्हणजे पावडर मापून टाकणारं यंत्र. ते नेहमी रेगच लावतात.
सगळे ऐकत होते. मी म्हटलं, कुणाला काही झालं नाही ना, जाऊ दे. 'जाऊ दे' म्हणजे माफ केलं, असंच ऐकलं असणार सगळ्यांनी.
उरलेली सदतीस जेनेटने मोडायला बाजूला ठेवली. रायफलही तपासायला दिली. खांदा काळानिळा. रायफल फुटली असती तर माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मि.ला फक्त खांद्याचं सांगितलं.

१६ सप्टें., मंगळ.
लंचमध्ये जेनेटचा फोन. "रेगबद्दल तुला काही वाटतं का? तूच त्याला जास्त बघतेस."
सांगितलं. दूध, मार्गारेट, एकच प्रश्न तीनदा विचारणं, उन्हाळ्यात एकदा गॅस चालू ठेवून दुकानात गेले होते ते. एकही गोष्ट खोटी नाही. मेझर तेच लावतात हेही खरं. म्हणाली, पोलिसांच्या लायसन्सिंगला कळवावं लागेल, डॉक्टरांनाही विचारतील. "थँक्स, अंजली. सोपं नव्हतं हे."
फोन ठेवल्यावर फार हलकं वाटलं. आता लिहिताना तसं वाटत नाही.
बॅचची वही, भरलेल्या काडतुसांच्या नोंदींची, बॅगेतच आहे. बघायला हवी. उद्या.

२६ सप्टें., शुक्र.
रेगच्या रायफली काल नेल्या. जेनेटचा टेक्स्ट. पोलिसांचे दोघं आले होते, नीट बोलले, चहा घेतला, पावती दिली. डॉक्टरांचा रिपोर्ट येईपर्यंत बंदुकांचं सर्टिफिकेट स्थगित. एकोणपन्नास वर्षं होतं म्हणे.
आज शुक्रवार. साडेपाचला गाडी आपोआप त्यांच्या रस्त्याकडे वळायला लागली. परत फिरवली, घरी आले.
वही बॅगेतच.

३० सप्टें., मंगळ.
कामावर नवीन फार्मसिस्ट आहे, हॅना. आज तिने न मोजता बाटलीवर तपासणीची दुसरी सही केली. मी बाजूला घेऊन सुनावलं. सही म्हणजे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, दुसरा काही अर्थ नाही तिचा. बिचारीचे डोळे भरले.
त्यानंतर कार पार्कमध्ये गाडीत बसून वही उघडली.
५ सप्टें. हलक्या गोळ्या: दर दहाव्या काडतुसाची पावडर तराजूवर तोलायची हा रेगचा नियम, त्याप्रमाणे समोर आकडे आहेत. जड गोळ्या, ४०: चार जागा, आकडा एकही नाही. चारही ठिकाणी नुसती बरोबरची खूण. पुढे माझं अ.
तोललं नव्हतं. सातला घरी पोचायचं होतं, मि.चे ऑफिसवाले जेवायला येणार होते.
आणि दुसरं. चहाला आत जाताना रेग दारातून म्हणाले होते, "मी येईपर्यंत थांब, मेझर बदलायचंय." मी हो म्हटलं आणि काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा ओढायला लागले. ते दूध घेऊन आले तेव्हा माझी पंधरा झाली होती. मला भरताना बघून त्यांना वाटलं असेल, म्हणजे मेझर आपण बदललंच. आजकाल स्वतःवर त्यांचा विश्वास तेवढाच उरलाय.
ते विसरले नव्हते. त्यांनी मला थांब म्हटलं होतं.
हे मला आज कळलं की रेंजवर त्या दिवशीच माहीत होतं? वही दोन आठवडे का नाही उघडली मग.

५ ऑक्टो., रवि.
रेगकडे. (मनात मी त्यांना अहो-जाहोच करते, इंग्रजीत तो प्रश्नच येत नाही.) गॅरेजमधलं बंदुकांचं कपाट उघडं, रिकामं. बंद करून काय करायचं, म्हणाले.
बसायच्या आत सांगितलं. वही समोर ठेवली. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली. मग पान बराच वेळ बघितलं.
"थांब म्हणालो होतो मी?"
"हो."
"म्हणजे मला आठवत होतं." मग, "आणि इतके दिवस मी रोज रात्री पडल्या पडल्या..."
मी सॉरी म्हटलं, दोनदा. वही मिटून माझ्याकडे सरकवली.
"तू जा आता."
गेले.

८ ऑक्टो., बुध.
मि.ला सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं.
"अंजू, गॅस चालू ठेवून ते गेले होते हे खरं ना?"
"हो."
"मग त्यांच्या घरात आज बंदुका असाव्यात का?"
"नसाव्यात बहुतेक."
"मग झालं. तू कळवून त्यांना त्या परत मिळणार नाहीत. तुझंही सर्टिफिकेट जाईल. कामावर कळलं तर फार्मसिस्टने न तोलता खूण केली, हे कसं दिसेल?"
त्याचं चूक नाही, तीच पंचाईत आहे. झालं ते कदाचित योग्यच झालं. पण कारण दिलं गेलं ते खोटं, आणि दिलं मी. त्या माणसाला शेवटच्या दिवसांत वाटणार की आपण एका बाईचा चेहरा उडवणार होतो.
वहीच्या पानाचा फोटो काढला, जेनेटला ईमेल केला. चार ओळी. पाठवल्यावर मि.ला सांगितलं. त्याने भांडी घासून टाकली सगळी, माझी पाळी होती.

१३ ऑक्टो., सोम.
जेनेटचं उत्तर. तेवीसला, गुरुवारी कमिटी आहे, वही घेऊन ये. तोपर्यंत रेंजवर येऊ नकोस. शेवटी फक्त 'जेनेट'. एरवी नावापुढे प्रेमाचे दोन एक्स असतात.
रेगची मेमरी क्लिनिकची तारीख नोव्हेंबरात आहे, हे तिनेच कळवलं.
हॅनाला आज चहा दिला. तिला कळलं नाही कशासाठी ते.

१९ ऑक्टो., रवि.
रेगनी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. बेल वाजवून पायरीवर उभी राहिले तेव्हा वाटत होतं की दार उघडू नये.
उघडलं, आणि चेहरा एकदम फुलला. "अंजली, ये, ये. बऱ्याच दिवसांत आली नाहीस." किचनमध्ये बसवलं. मग समोर बसून, खाली बघत, "तुझी रायफल ठीक आहे ना? मेझर बदलायचं राहिलं माझ्याकडून. तुला काही झालं असतं तर... सॉरी, लव्ह."
मला आधी कळेचना काय चाललंय. मग कळलं.
तसंच राहू द्यावं असं वाटलं का? वाटलं. दोनच सेकंद, पण वाटलं. इथे लिहिते आहे, नाहीतर उद्या मीच नाही म्हणेन.
पुन्हा सांगितलं. थांब म्हणाला होतात, मी थांबले नाही, तोललं नाही, खुणा केल्या. जेनेटला तुमचं नाव मी दिलं. या वेळी वही नव्हती बरोबर. नुसतं तोंडाने सांगणं जास्त जड गेलं.
ऐकत होते. मध्ये एकदा कपाळ चोळलं.
"हे तू मला आधी सांगितलं होतंस का?"
"हो. दोन आठवड्यांपूर्वी."
"मग मी काय म्हणालो?"
काहीही सांगता आलं असतं.
"तू जा आता, असं म्हणालात."
"बरोबर म्हणालो." उठले. मला वाटलं दाराकडे चालले. केटल भरायला लागले.
दूध आणि चहा दोन्ही आले टेबलावर. गुरुवारच्या कमिटीचं सांगितलं. म्हणाले, "मीही येतो. मला ऐकायचंय, तू सगळ्यांसमोर काय सांगतेस ते." आवाजात राग होता की काय होतं, सांगता येत नाही. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिलं: गुरु., अंजली, सात वाजता.
कशासाठी, ते नाही लिहिलं. मी पेन मागून घेऊन ते लिहायला हवं होतं.