खुंटीवरची म्होरकी

आक-बुलाक,
२ मे १९९९

ती. बुरुलकान एजेस,
धाकट्या भावाचा, एसेनकुलचा सलाम, वि. वि.

तू पाठवलेले मोजे मिळाले. दोन्ही डाव्याच पायाचे वाटतात, पण ऊब चांगली आहे.

तुरुंगातून सुटून आल्याला आता वर्ष झालं. गावाने मला उपाशी ठेवलं नाही. कुंपणं बांधली, मेंढ्या कातरल्या, भिंती लिंपल्या. फक्त घोड्याजवळ मला कुणी उभं करत नाही. म्हणून मी यंदा तोंड उघडून मागितलंच: उन्हाळ्यात गावाच्या घोड्या वरच्या कुरणात, जैलूवर, मी नेतो. एक जूनला गाव ठरवणार आहे. एजे, मला घोड्यांशिवाय दुसरं काही येत नाही. हे मिळालं तर मी इथे ताठ मानेने राहीन, नाही तर बिश्केकला जाऊन विटा उचलीन.

गावात सगळ्यांत वडीलधारे नुसुप अबाके, ते हो म्हणाले की बाकीचे माना डोलावतील. आणि मी चोरली होती ती त्यांचीच लाल घोडी. तिची म्होरकी अजून त्यांच्या घरात खुंटीला टांगलेली आहे. मी ती उंबऱ्यावरूनच पाहिली, आत ये असं कुणी म्हटलं नाही.

आता गंमत. राजधानीहून सिनेमावाले आले आहेत. सिनेमा कशावर, तर तुरुंगातून सुटलेला माणूस चांगला होतो त्यावर. मला घोडे सांभाळायला घेतलंय. दिग्दर्शक म्हणाले की नटाला घोडा कसा पळवायचा ते दाखव. मी सांगितलं की बसायला शिकवीन, पळवायला नाही. तो बसतोही पिठाच्या पोत्यासारखा. काल एका प्रसंगात घोडा विकणाऱ्याने म्होरकीसकट घोडा देऊन टाकला. बघायला जमलेलं अख्खं गाव हसलं. नुसुप अबाके तर काठी टेकत थेट कॅमेऱ्यासमोर गेले आणि दिग्दर्शकांना विचारू लागले, की तुझ्या बापाने कधी जनावराबरोबर म्होरकी दिली होती का, ती घरी ठेवली नाही तर घरातली बरकत निघून जाते. दिग्दर्शकांनी मुकाट्याने वहीत लिहून घेतलं.

दाजींना सलाम. रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा,
एसेन

तोकमोक,
११ मे १९९९

चि. एसेनकुल यास,
अनेक आशीर्वाद.

मोजे मी शाळेच्या स्वयंपाकघरात, शंभर पोरांचं सूप ढवळता ढवळता विणले. ज्याला डावं-उजवं कळतं त्याने नावं ठेवावीत.

तुझे दाजी म्हणतात की सिनेमात काम मिळालं म्हणजे साहेब मोठे झाले. मला मात्र ते सिनेमाचं मुळीच आवडलेलं नाही. जे गाव चार वर्षांनी कुठे विसरायला लागलंय, त्याचा खेळ त्याच्याच डोळ्यांसमोर मांडायचा कशाला? त्यांचे घोडे सांभाळ, पगार घे आणि बाजूला हो. कुणाची घोडी गावाबाहेर नेऊ नकोस, पाणी पाजायलासुद्धा नाही. आई गेली त्या वर्षी तू आत होतास. खांद्याला तू नव्हतास हे मी कुणाला सांगत नाही, पण विसरलेही नाही. आता मला फक्त एक जून पाहायचा आहे.

पोटभर खात जा.
तुझी,
बुरुलकान

तोकमोक,
२१ मे १९९९

ती. नुसुप अबाके यांस,
बुरुलकानचा आदराने सलाम, वि. वि.

बसवाल्याने काल सांगितलं. सिनेमासाठी आणलेली तुमची तरणी घोडी उधळली, एसेन तिच्यामागे गेला, आणि आज तीन दिवस झाले, तोही नाही आणि घोडीही नाही. बसमधली माणसं हसत होती म्हणे.

अबाके, मी कोणत्या तोंडाने लिहू? पहिल्या वेळी मी सगळ्यांशी भांडले होते, की माझा भाऊ असं करणार नाही. या वेळी भांडायचं बळ उरलेलं नाही. त्याने नेली असेल. आमच्याकडे एक गाय आहे, ती तुमच्या दारात आणून बांधते. फक्त पोलिसांकडे जाण्याआधी मला दोन दिवस द्या. माफ करा असं म्हणायचीही लाज वाटते.

आपली,
बुरुलकान

आक-बुलाक,
२२ मे १९९९

चि. बुरुलकान हीस,
आशीर्वाद.

बसवाला चहा पिऊन परत निघेपर्यंत लिहितो आहे, अक्षर समजून घे.

गाय घरीच ठेव. तुझ्या पोरांना दूध लागतं. घोडी अजून आलेली नाही. आज चौथा दिवस. गावात रोज कुणी ना कुणी येऊन मला शहाणपण शिकवतो. आता तुला काय घडलं ते सांगतो. त्या शहरी नटाने लगाम हिसकला, घोडी बिथरली, म्होरकी तोडून खिंडीकडे सुटली. एसेन तिच्यामागे धावला नाही. तो आधी माझ्या दारात आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला की अबाके, तिच्या आईची म्होरकी द्या, त्या वासाला ती उभी राहील.

बाई, त्याने तिची आई, ती लाल घोडी पळवली तेव्हा दोर स्वतःचा आणला होता. चोर दोर स्वतःचा आणतो. माझ्या सत्तर वर्षांत दारात येऊन म्होरकी मागणारा चोर मी पाहिलेला नाही. खुंटीवरून काढताना हात जरा अडखळला, खोटं कशाला बोलू. मग दिली. लोक म्हणतात की म्हाताऱ्याने घोडीबरोबर बरकतही घालवली. म्हणोत. मला झोप छान लागते.

तुझं पत्र मी आत्ताच चुलीत घातलं. ते त्याला कधी दिसायचं नाही. तूही सांगू नकोस.

तुझा,
नुसुप

आक-बुलाक,
३ जून १९९९

ती. एजेस,
एसेनचा सलाम, वि. वि.

उशीर झाला, पण कारण ऐकलंस की रागावणार नाहीस.

घोडी खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यातल्या कळपात मिसळली होती. तिथला गुराखी मला नावानिशी ओळखत होता, म्हणजे चांगल्या कारणाने नव्हे. घोडी द्यायला तयार होईना. मग मी म्होरकी दाखवली. लाल-पांढऱ्या केसांचा पीळ आणि ती तिहेरी गाठ नुसुप अबाकेंशिवाय कुणी घालत नाही. त्याने ती दोनदा उलटसुलट पाहिली आणि घोडी सोडली. सहाव्या दिवशी दुपारी गावात शिरलो. दिग्दर्शकांच्या सिनेमात या जागी सगळे रडत मिठ्या मारतात. इथे नुसुप अबाकेंनी पहिल्यांदा विचारलं की तिला पाणी पाजलंस का. मग मला म्हणाले की म्होरकी जागेवर टांग. म्हणजे आत जावं लागलं. मी बूट काढले, आत गेलो, टांगली. त्यांच्या सुनेने चहा ओतला. दिग्दर्शक म्हणाले की पुन्हा एकदा रस्त्यावरून या, या वेळी कॅमेरा लावतो. मी म्हटलं की नटाला चालवा, माझं येऊन झालं.

परवा गाव बसलं. नुसुप अबाके हो म्हणाले. आज घोड्या सोडायचा दिवस होता. एकेक जण आपली घोडी आणायचा, म्होरकी काढून खांद्यावर टाकायचा आणि घरी जायचा. एकाहत्तर झाल्या. शेवटी नुसुप अबाके तीच तरणी घोडी घेऊन आले, तिच्या तोंडावर खुंटीवरची म्होरकी. त्यांनी म्होरकी काढलीच नाही. दोर माझ्या हातात दिला. मी म्हटलं की अबाके, ही विसरलात. ते म्हणाले की दर वेळी कोण मागायला येणार, राहू दे तुझ्याकडेच. आणि काठी टेकत निघून गेले. मी घोडीच्या मानेआड तोंड घालून रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

त्या सहा दिवसांत गाव काय म्हणत होतं ते मला खिंडीतही ऐकू येत होतं. सगळ्यांना वाटलं की एसेन पळाला. वाटणारच, मी कुणाला दोष देत नाही. एका गोष्टीचा मात्र धीर होता. म्हटलं, कुणालाही काहीही वाटो, एजेला तसं वाटायचं नाही.

जुलैत दाजींना आणि पोरांना घेऊन वर जैलूवर ये. तोवर घोड्यांचं दूध आंबून कुमीस तयार असेल. आणि येताना एक उजवा मोजा आण.

आजवर माया केलीस, तेवढीच पुढेही पुरे.
तुझा,
एसेन