फोन सुगराभाबींकडे आहे

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळ.

आजपासून मोबाइल बंद. निर्णय पक्का. डोळ्यांची जळजळ, मान, झोप, सगळ्याचं मूळ हेच. मुलाने, नंदीशने, बेंगळुरूहून बरेच रविवार फोन केलेला नाही, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मला मनःशांती हवी आहे.

घरच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर आणि स्टेटसला निवेदन टाकलं. चादरीच्या कारखान्यात डिस्पॅचला असताना सगळं ड्राफ्टिंग माझंच असायचं, ते कामी आलं. ‘अनिश्चित काळासाठी डिजिटल विश्रांती घेत आहे. कृपया कुणी घाबरून जाऊ नये. तातडीचे असल्यास फोन करावा, समोरच्या सुगराभाबी उचलतील.’

सुगराभाबी घरीच पिको-फॉल करतात. दिवसभर मशीनवर असतात. मशीनच्या ड्रॉवरमध्ये फोन ठेवायला दिला. सांगितलं, निरोप लिहून नाही घेतले तरी चालेल, लक्षात ठेवा. लोक गयावया करतील, तुम्ही खंबीर राहा. बरं अण्णा, म्हणाल्या.

संध्याकाळ.

भाबींकडे सहज गेलो. दुपारीही गेलो होतो, तेही सहजच. ‘कुनाचाबी न्हाई आला की अण्णा.’

रविवारी लोक फिरायला जातात. उद्या बघतील.

३ नोव्हेंबर, सोमवार.

कुणाचाच नाही. आवाज वाढवलाय का बघा म्हटलं. वाढवलेलाच होता.

मनःशांती भरपूर आहे. इतकी की घड्याळाचा आवाज येतो. संध्याकाळी स्वयंपाक केला नाही. बायको, शिवलीला, गेल्यापासून एकट्यासाठी कुकर लावायचा म्हणजे फार जिवावर येतं. बिस्किटं खाल्ली. आहार हलकाच असावा.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

सकाळी भाबींनी दारातूनच विचारलं, काल कुकर वाजला न्हाई तुमचा? म्हटलं, उपवास. कसला म्हणाल्या. मी आत वळलो.

संध्याकाळी आला! नंदीशचा! भाबी म्हणाल्या, ‘आलता की पोराचा फोन. बाबा जेवतेत का, गोळी टायमावर घेतेत का, लई इचारत होता.’ मी चेहरा गंभीर ठेवला. म्हटलं, परत आला तर सांगा, बाबा विश्रांतीत आहेत.

माझा अंदाज चुकत नाही. हातचं गेलं की किंमत कळते. कुकर लावला. तीन शिट्ट्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

आज पाणी आलं आणि गेलं. मला कळलंच नाही. वॉर्डाच्या ग्रुपवरची पाण्याची वेळ गल्लीच्या ग्रुपवर मी टाकायचो. मी नसल्यावर गल्ली कोरडी पडणार याची खात्रीच होती, म्हणून झोपून राहिलो. उठलो तर सगळ्यांचे पिंप भरलेले. कोपऱ्यावरच्या गुरूने मेसेज टाकला म्हणे. गल्लीत कोरडा फक्त मीच.

भाबींनी दोन घागरी दिल्या. आता पुढचं पाणी येईपर्यंत चार-पाच दिवस त्यावर काढायचे. पाण्याची बचत हाही विश्रांतीचा फायदाच.

दुपारी गुरूच्या दुकानात गेलो. तो ग्रुप बघत होता. मी मोबाइलला हात लावला नाही, फक्त त्याच्या खांद्यावरून पाहिलं. त्यामुळे नियम मोडला असं म्हणता येणार नाही. माझ्या निवेदनाबद्दल काही दिसलं नाही. तो फार भराभर वर सरकवतो.

९ नोव्हेंबर, रविवार.

नंदीश आता जवळजवळ रोज फोन करतो! पोरगं पार बदललं. आज म्हणाला म्हणे, ‘अब्बांना जपा, थंडी पडाय लागली.’ बेंगळुरूत राहून भाषा बिघडली त्याची. असू दे. भावना महत्त्वाची.

शिवाय त्याने भाबींना सांगितलं, बाबांना शेंगाचटणी आवडते. भाबींनी वाटीभर आणून दिली, वर ज्वारीची कडक भाकरी. इतक्या लांबून पोरगा माझी आवड लक्षात ठेवतो. दोन भाकरी खाल्ल्या. खाताना डोळ्यांत पाणी आलं. चटणी तिखट होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

मैंदर्गीहून माझ्या बहिणीचा, चंद्रिकाचाही फोन आला. वीस मिनिटं बोलली म्हणे भाबींशी. चंद्रिका फोनवर कन्नडशिवाय बोलत नाही. भाबींना कन्नड येतं हे आजच कळलं. शेजाऱ्यांबद्दल आपल्याला किती कमी माहिती असते, हेही फोन सुटल्यामुळेच लक्षात आलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार.

हेतू सफल. आज विश्रांती समाप्त. लोकांना जास्त ताणू नये. समाप्तीचं निवेदनही मनात तयार आहे, ‘आपल्या सर्वांच्या आग्रहाखातर...’

भाबी फोन द्यायला तयार होईनात. ‘राहू द्या की अण्णा अजून चार दिस. तब्येत बगा कशी सुदारली तुमची.’ फोनवर बोलून बोलून त्यांनाही सवय लागली असणार. शेवटी दिला. बंद पडलेला होता. म्हणाल्या, माझा चार्जर त्याला बसंना. आणि लगेच मशीन चालू केलं. खाली कापड नव्हतं.

संध्याकाळ.

चार्ज झाला. नंदीशला काय काय बोलायचं ते ठरवून यादी उघडली. आलेल्या फोनमध्ये सगळ्यात वरचा गॅसवाल्याचा. शनिवारचा. फोन भाबींकडे दिला त्याच्या आदल्या दिवशीचा.

नवीन अपडेटमध्ये आलेले फोन आपोआप पुसले जातात, असं कुठंतरी वाचलं होतं. गॅसवाल्याचा तेवढा राहिला असेल.

गल्लीच्या ग्रुपवर माझ्या निवेदनाखाली लगेच गुरूचा पाण्याचा मेसेज. त्याला सहा जणांनी हात जोडलेत. चंद्रिकाने घरच्या ग्रुपवर रोज एक फूल टाकलंय. सगळ्यांनाच.

नंदीशने निवेदनाला अंगठा दिला आहे. त्याच रविवारी. बाकी काही नाही.

पुन्हा एकदा यादी वर-खाली केली. अपडेटचा काही संबंध नाही. तेवढं मला कळतं. फार एकटं वाटलं आज.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

सकाळी फोन स्वतःच्या हाताने बंद केला आणि भाबींना नेऊन दिला. म्हटलं, विश्रांती वाढवली आहे, डोळे अजून जळजळतात. भाबींनी काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ड्रॉवरमध्ये ठेवला.

दिवसभर गेलो नाही. संध्याकाळी चटणीची रिकामी वाटी परत द्यायला गेलो. निघता निघता विचारलं, आलता का कुणाचा?

भाबींनी साडीवरची नजर काढली नाही. ‘आलता की. नंदीशचा.’

काय म्हणाला?

‘जेवलेत का म्हनाला.’

म्हटलं, परत आला तर सांगा, जेवलो म्हणून.

घरी येऊन आधी कुकर लावला. भाबींना खोटं सांगायला लावलं असं नको व्हायला.