आता पाळी तुमच्या भावाची

मिरजगाव,
माघ वद्य पंचमी, १९७१

तीर्थस्वरूप राहीवन्संच्या पायांवर छबूचं डोकं. इकडे देवाच्या दयेने सगळी धडधाकट आहेत. राजूरला यंदा थंडी फार म्हणतात, तेव्हा दाजींच्या खोकल्याला अडुळशाचा काढा चालू ठेवावा आणि तुम्हीही पायांत काही घालत जावं.

तुम्ही पाठवलेली कुंची मिळाली, चिंचेचा गोळा मिळाला, आणि "या खेपेला सुखरूप सुटका होवो" हा आशीर्वादही मिळाला. कुंची फार सुरेख आहे, फक्त तीत घालायला डोकं नाही. वन्सं, मला दिवस गेलेले नाहीत. तुमच्या आईंना हे सांगून माझी जीभ झिजली, पण त्यांनी सगळ्या आळीत साखर वाटली आणि तुम्हालाही कळवलं. त्यांचीही चूक नाही. सकाळी उठल्या उठल्या सून मोरीत ओकताना दिसली की कुठली सासू दुसरा विचार करील?

खरी गोष्ट अशी. धाकटीच्या वेळी रक्त थांबेना आणि मी वर जाऊन परत आले, हे तुम्ही उशाशी बसून पाहिलंच आहे. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं की आता चौथं नको, जिवाशी खेळ होईल. त्यांनी नव्या निघालेल्या गोळ्या दिल्या. रोज एक गिळायची की मूल राहत नाही. गिळली. मूल राहिलं नाही, पण बाकी सगळं राहिलं! मळमळ, ओकाऱ्या, गरगर, पायांना सूज. (दिवस जाऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळीने दिवस गेल्याची सगळी सोंगं आणावीत, याला काय म्हणावं?) आणि मी ओकले की आत्याबाई नातवाच्या आशेने खूश. मला चिंचा-आवळे खायला घालायचे, घागर उचलू द्यायच्या नाहीत. इतकं सुख मला तिन्ही खऱ्या बाळंतपणांत मिळालं नव्हतं. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण एके दिवशी उजवी पोटरी अशी सुजली आणि ठणकू लागली, की यांनी गिरणी बंद ठेवून मला एसटीत घातलं. डॉक्टरीणबाईंनी पोटरी दाबून पाहिली, औषध सुरू केलं आणि म्हणाल्या, "आजपासून गोळी बंद. पुन्हा हात लावायचा नाही."

मग मी हट्टाने त्यांच्यासमोर बसूनच राहिले. म्हटलं, दुसरं काय आहे ते सगळं सांगा, त्याशिवाय उठत नाही. त्यांनी सांगितलं. पिशवीत लूप बसवतात, पण त्याने अंगावर जास्त जातं, आणि माझ्यात रक्त मुळातच कमी. माझं ऑपरेशन करायचं तर पोट उघडावं लागेल, तेवढी ताकद अजून आलेली नाही. म्हटलं, सगळ्यांत कमी चिरफाड कशात? त्या म्हणाल्या, "तुमच्या मालकांच्या ऑपरेशनात. त्याच दिवशी घरी जातील." तोवर निरोध वापरा, म्हणाल्या.

निरोध आपल्याकडे शमशेरचाचांच्या किराणा दुकानात मिळतो. तुमचे बंधू आणायला गेले आणि चहाची पुडी घेऊन आले. दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले, दर वेळी चहाच. चाचांच्या मांडीवर लहानाचा मोठा झालो, त्यांच्याकडे हे कसं मागू, म्हणे. वन्सं, घरात इतका चहा साठला की आलागेला पाहुणा कपावर कप पिऊन रडकुंडीला आला. शेवटी पदर खोचून मीच गेले आणि चाचांच्या तोंडाकडे बघून मागितला. ते पोत्यातली तूरडाळ न्याहाळत म्हणाले, "मिठाबरोबर बांधून देतो, बेटी." एवढंच. पृथ्वी होती तिथेच राहिली.

त्या रात्री मी ऑपरेशनचं काढलं. हे म्हणाले, "मला काय झालं तर गिरणी कोन चालवील?"

म्हटलं, "मला काय झालं तर पोरं कोन चालवील?"

"बैल खच्ची केल्यागत हुईल माझं."

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, तसलं काही होत न्हाई. पोरं मी पोटात वाढवली, गोळ्या मी गिळल्या, ओकाऱ्या मी काढल्या. आता तुमची पाळी."

हे उठून गिरणीत गेले. दुसऱ्या दिवशी कारभारी पाटलांच्या गव्हात कुणाची तरी बाजरी दळून ठेवली. संध्याकाळी माझ्या पोटरीला औषध लावता लावता म्हणाले, "चाचांपुढं दर बारीला उभं राहन्यापरीस एकदाच डॉक्टरापुढं आडवा हुतो. कदी जायाचं?" वन्सं, मला हसू आलं आणि रडूही. येत्या सोमवारी जायचं ठरलं आहे.

बाकी सर्व ठीक. लेकरांना गोड पापे.

तुमची,
छबू

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलं. आत्याबाईंना रविवारच्या आत राजूरला बोलावून घ्या. कंबर धरली म्हणा, काहीही म्हणा. ऑपरेशननंतर यांना आठवडाभर पोती उचलायची नाहीत. आत्याबाई घरात असल्या तर लगेच विचारतील आणि हे लगेच सांगतील.

ता. क. २ – ऑपरेशननंतरही काही महिने निरोध लागतोच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.

ता. क. ३ – वरची विनंती रद्द. आत्याबाई आत्ताच शेजारी येऊन बसल्या. यांनी त्यांना कालच सगळं सांगितलं (न विचारता!). त्या म्हणतात तसं लिहिते: "राहीला लिव्ह, मी न्हाई येत. गिरनीवर मी बसंन. मला नऊ झाली, त्यातली दोन हाताला लागली, तवा मला कुनी इचारलं न्हवतं. आन राहीची पाच झाल्यात, तर सोमवारी जावयाला बी धाडून दे म्हनावं. दोगांना एकाच पातेल्यात खिचडी करून घालते."

दाजींचा खोकला तोवर बरा करावा.