मल्लीच्या अंगावरचं

३ डिसेंबर
आजही तेच! लोकापुरात नऊ कुत्री तपासायची होती, त्यातली सात सकाळीच न्हाऊ घालून ठेवलेली. अंगावरचे जंतूच तर मोजायचेत, आठ दिवस आंघोळ नको, असं बजावून आले होते. एक आजोबा आपल्या कुत्रीला थोपटत म्हणतात, "अक्का, पाहुणे येणार म्हटल्यावर पोरीला तशीच घाणेरडी दाखवू होय?" काय बोलायचं! नमुना घ्यायच्या सात कापूस-काड्या वाया.
अप्पांच्या पायाची जखम अजून ओलीच. कुऱ्हाड लागून तीन आठवडे झाले. रोज मी स्वतः पट्टी बदलते, तरी!

५ डिसेंबर
आमची कुत्री मल्ली दिवसभर अप्पांच्या खाटेला नाक लावून. पट्टीच्या अगदी जवळ. मनात पाल चुकचुकली. तिच्या पोटावरून एक काडी फिरवली, जखमेतून एक. दोन्ही लॅबमध्ये नेल्या.

७ डिसेंबर
लॅबमध्ये दोन्ही प्लेटवर जंतूंचे सारखेच गोल, पिवळट ठिपके! पुढची तपासणी व्हायला पंधरा दिवस. तेवढा धीर कुणाला? घरी येऊन सांगून टाकलं — कुत्री घरात नको.
अप्पा म्हणाले, "तिला रोग आहे?"
"रोग नाही. निरोगी कुत्र्याच्या अंगावर हे असतंच."
"मग?"
"तुमच्या जखमेला सोसत नाही ते."
जरा वेळानं म्हणाले, "आणि निरोगी माणसाच्या अंगावर काय असतं गं, संगव्वा?"
मी ऐकू न आल्यासारखं केलं.

८ डिसेंबर
भाऊ बसण्णा मल्लीला जीपमधून त्याच्या सासुरवाडीला, कलादगीला सोडून आला. ती आपणहून चढली. फिरायला नेतायत असं वाटलं असणार. पट्टा मीच दिला त्याच्या हातात.

११ डिसेंबर
अप्पा जेवताना चतकोर भाकरी दुधात कुस्करतात. मग आठवतं त्यांना. वाटी तशीच सरकवतात. मी आत निघून गेले.

१५ डिसेंबर
कलादगीहून फोन. मल्ली दोरी कुरतडून पळाली — चार दिवसांपूर्वी! सांगायची लाज वाटली म्हणे. लाज! बसण्णा उसाच्या फडाफडातून हाका मारत फिरतोय. आल्या आल्या माझ्यावरच ओरडला, "घाल तुझ्या त्या काड्या चुलीत!" घालाव्याशा वाटल्या खरंच.
आणि जखम? कुत्री जाऊन आठवडा झाला, तरी तशीच ओली.

२० डिसेंबर
लॅबच्या प्रमुख कुसुमा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मल्लीच्या अंगावरचे जंतू कुत्र्यांचे नेहमीचेच. जखमेतले निराळे — माणसाच्या अंगावर, नाकात राहणारे. नुसते दिसायला सारखे. दिसण्यावर जाऊ नका, असं नव्या मुलींना दरवर्षी मीच ओरडून सांगते! किती मूर्ख आहे मी.
मॅडमनी हळूच विचारलं, "पट्टी कोण बदलतं?"
मी एक काडी घेतली आणि स्वतःच्याच नाकात फिरवली.
आजपासून पट्टीचं काम वहिनीकडे.

२९ डिसेंबर
मल्लीचा पत्ता नाही. अप्पा दारात दुधाची वाटी ठेवतात, शेजारची मांजर पिऊन जाते. तिला हाकलत नाहीत.
वहिनी सांगत होती, "अहो, जखमेला खपली धरायला लागली!" तिला केवढा आनंद. मला हसूसुद्धा आलं नाही.

४ जानेवारी
निकाल आला. अप्पांच्या जखमेतले आणि माझ्या नाकातले — एकच.
अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "आता तुला कुठं सोडून यायचं?"